आधी होकार, मग फॅक्स

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरात फॅक्स मशीन होते, आणि ते स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्याशेजारी होते. बाबा स्लाऊला एका वेअरहाऊसमध्ये कामाला होते. तिथे नवे मशीन आल्यावर जुने त्यांनी घरी आणले. आईला ते हवेच होते. ती शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची आणि वीकएंडला फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. या दिवाळीला पुरेशा ऑर्डरी आल्या तर कँटीन सोडून हेच काम करायचे, असे तिने ठरवले होते.

पण मशीनवर ऑर्डरींपेक्षा जाहिरातीच जास्त येत. डबल ग्लेझिंगच्या दुहेरी काचेच्या खिडक्या, स्पेनच्या सहली, कार्पेट धुणारे. कागदाचा रोल आमचा आणि जाहिरात त्यांची. टाकून कसे द्यायचे, म्हणून आईने एकदा गरम चकल्या त्याच कागदांवर निथळायला काढल्या. फॅक्सचा कागद उष्णतेने काळा पडतो हे आम्हाला तेव्हा कळले. प्रत्येक चकलीखाली एक काळी चकली उमटली होती.

"बघ," बाबा म्हणाले, "तुझ्या चकलीचा फॅक्स निघाला."

मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅसचे बिल असो की कौन्सिलचे पत्र, सगळे माझ्याच विषयात मोडते असे घरच्यांना वाटे. मला मात्र कुठलीच गोष्ट ठामपणे सांगायची भीती वाटायची. नेमका त्याच वर्षी नवा नियम आला होता. घरच्या नंबरवर आधी होकार घेतल्याशिवाय जाहिरातीचा फॅक्स पाठवायचा नाही. कंपन्यांना पाठवता येत होता, पण त्यांनी 'नको' म्हटलेले नसेल तरच. मी लायब्ररीत तो नियम पुन्हा पुन्हा वाचला आणि खिडक्यावाल्यांना एक नम्र पत्र लिहिले. जरा जास्तच नम्र झाले असावे. पण त्यांचे फॅक्स थांबले! "आमच्या मुलीनं कायदा लावला," असे आई भेटेल त्याला सांगू लागली. मला लाज वाटायची आणि आवडायचेही.

दिवाळी जवळ आली. एका दुपारी मी कॉलेजातून घरी आले, तर आई मशीनपाशी उभी होती. एका हातात तिने स्वतः लिहिलेला फराळाचा मेनू आणि दुसऱ्या हातात आमच्या मराठी मंडळाच्या सभासदांची यादी.

"ज्यांचे ज्यांचे फॅक्स नंबर दिलेत, त्यांना सगळ्यांना पाठवते," ती म्हणाली. "डॉक्टर लोक आहेत बहुतेक. घरीच मशीन असतं त्यांच्या."

घरीच. मला तो नियम आठवला.

"आई, थांब जरा. मला वाटतं... म्हणजे बहुतेक... हे अलाउड नाही."

"का?"

"त्यांना आधी विचारलेलं नाहीस ना. घरचे नंबर आहेत ते."

आईने मेनू खाली ठेवला. "खिडक्यावाल्याला लावलास, तोच कायदा आता मला लावतेस?"

"तोच आहे गं."

"अगं, पण मी काय खिडक्या विकतेय? ही आपली माणसं आहेत!"

"कायद्याला चकली आणि खिडकी सारखीच," टेबलाशी बसलेले बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असे पाहिले की ते लगेच पेपरात शिरले.

बेसन, पोहे, तुपाचे डबे, सगळे आणून झाले होते. वाटले, हिची ही दिवाळी मीच बुडवली. मी कायद्याचे पुस्तक काढले आणि कुठे पळवाट आहे का ते बघू लागले. पळवाट नव्हती.

शेवटी आईच म्हणाली, "हळदीकुंकवालासुद्धा बोलावणं केल्याशिवाय कोणी येत नाही. मग तोंडानं विचारलं तर चालेल ना तुझ्या कायद्याला?"

"चालेल," मी म्हणाले. या वेळी 'बहुतेक' म्हणाले नाही.

त्या शनिवारी मंडळाची कोजागिरी होती, शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर ढग होते, चंद्राचा पत्ता नव्हता. आईने दूध वाटायचे काम मागून घेतले. ती ट्रे घेऊन पुढे, मी पेन घेऊन मागे.

"अहो, तुमच्या मशीनवर फराळाचा मेनू पाठवला तर चालेल का?"

हॅरोतच राहणाऱ्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "नको हो, माझ्या मशीनवर पेशंटचे रिपोर्ट येतात." आईने मान डोलावली आणि त्यांना दूध जरा जास्तच ओतले. बाकीचे मात्र हसून हो म्हणत होते. एका काकांनी तर विचारले, "परवानगी कसली मागता, वहिनी?"

"मुलगी वकील होतेय ना," आई म्हणाली. "घरात कायदा कडक आहे."

रविवारी सकाळी आम्ही होकार देणाऱ्यांनाच मेनू पाठवला. मग सगळे मशीनकडे बघत बसलो. जेवणे झाली तरी ते गप्पच. बाबांनी चहा टाकला, आणि तेवढ्यात मशीन किरकिरले.

पहिली ऑर्डर त्या डॉक्टरबाईंची होती. सोबत एक ओळ: 'मेनू मैत्रिणीकडे पाहिला. चकल्या दुप्पट द्या.' त्यामागून दुसरा कागद सरकू लागला, मग तिसरा.

बाबा कौतुकाने पुढे झाले आणि हातातला कप पहिल्या कागदावर टेकवणार, एवढ्यात आई ओरडली, "अहो! गरम काही ठेवू नका त्यावर!"