टीसी परत मिळण्याबाबत

आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त यायची, आणि जेवढी यायची त्याहून जास्त निघायची. वडनेर भोलजीत बसून मी ती आठवीपासून लिहीत आले. बाबा ती मलकापूर स्टेशनबाहेर वाटत. बारावीनंतर मी शिक्षणाच्या बाजारावर एक लिहिलं. त्यात सात मागण्या होत्या, आणि त्यांतली एक होती की तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांना कायम करा. तोवर असा एकही प्राध्यापक मी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मला गणित आणि संगणकशास्त्र अशी एकत्र पदवी हवी होती. गणितात चुकीला चूक म्हणावंच लागतं, तिथं कोणाची ओळख चालत नाही, असा माझा ठाम समज होता. कॉलेज निवडायचे नियम मी वहीत लिहून काढले. हायवेवर फलक असेल तर बाद. माहितीपुस्तिकेत शिक्षकांच्या नावांपेक्षा बागेचे फोटो जास्त असतील तर बाद. संस्थाचालकाचा फोटो प्राचार्यांच्या फोटोपेक्षा मोठा असेल तर बाद. असं करता करता अख्खा जिल्हा बाद झाला. उरलं अमरावतीचं एक जुनं कॉलेज, ज्याची पुस्तिकाच कुठे मिळेना. तिथं मी अर्ज केला आणि यादी लागायची वाट पाहत बसले.

आमच्याकडे निकाल लागला की प्राध्यापक घरोघरी फिरतात. वर्ग भरला नाही तर तासिका जातात, म्हणून कॉलेज प्रत्येकाला मुलांचा आकडा ठरवून देतं. ते येतात, चहा घेतात, कपाशीचं विचारतात आणि जाताना ओरिजनल टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, सोबत नेतात. टीसी गेली की मूल गेलं, कारण तिच्याशिवाय दुसरं कॉलेज प्रवेश पक्का करत नाही. हे मला पाठ होतं. माझ्या पत्रकातली तिसरी मागणी त्यावरच होती.

म्हणून तालुक्याच्या कॉलेजातले एक सर मोटारसायकलवरून आमच्या दारात उतरले, तेव्हा मी त्यांना खाटेवर बसवलं आणि पत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. माझं पत्रक आजवर कोणी पहिल्या परिच्छेदापुढे ऐकलं नव्हतं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. चहा आला तो निवून गेला. चौथ्या मागणीला त्यांनी डोळे मिटले, आणि संपल्यावर म्हणाले, दुसरा परिच्छेद पुन्हा वाच. मी वाचला. मग विचारलं, तुमच्याकडे गणित आणि संगणक एकत्र आहे का.

"हाव ना बेटा. तुह्यासारख्या पोरीचीच वाट पाहून राह्यलो आमी."

मी आत गेले आणि टीसी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मागितलीसुद्धा नव्हती.

मोटारसायकल वळणाआड गेल्यावर आई म्हणाली, "आता मोर्चा कोनाच्या घरावर नेतं?"

गुरुवारी अमरावतीची यादी लागली. माझं नाव होतं. शनिवारी दुपारपर्यंत ओरिजनल टीसी जमा करायची होती. गुरुवारीच मी तालुक्याचं कॉलेज पाहायला गेले. संगणकाच्या खोलीला कुलूप होतं. खिडकीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले संगणक दिसत होते. गणिताचे सर निवृत्त झाल्यापासून जागा रिकामी आहे, हे शिपायानं न विचारता सांगितलं. आपले सर राज्यशास्त्राचे निघाले.

मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. वाद घालायची पूर्ण तयारी होती, पण त्यांनी वादच घातला नाही. गणिताचं खोटं बोललो, म्हणाले. आठ वर्षं ते तासिका तत्त्वावर होते.

"मले पंधरा पोरं आनायचे होते. तू पंधरावी. टीसी देतो मी तुले. फक्त सांग, मी काय करू?"

घरी येऊन मी धरणं धरायचं जाहीर केलं. बाबा कागद घेऊन बसले आणि दोन ओळींवर अडकले. ज्याला कायम करायचं आणि ज्याचा निषेध करायचा, तो माणूस एकच, असं आमच्या पत्रकांत कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी मी सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून माझ्या बदल्यात एखादं मूल शोधायला निघाले. ते कपाशीबद्दल बोलत. मग घरचे मला विचारत, कॉलेज कसं आहे. मी कुलपापासून सुरुवात करी. तिसऱ्या घरी सरांनी मला बाहेरच थांबायची विनंती केली. तरी कोणी मिळालं नाही.

संध्याकाळी ते मला सोडायला आले तेव्हा बाबांनी विचारलं, शाखा कोणतीही चालते का. चालते, सर म्हणाले. वयाची अट आहे का. नाही. बाबा उठले आणि ट्रंकेतून स्वतःची बारावीची टीसी घेऊन आले. तिच्या चार घड्या पडल्या होत्या.

"राज्यशास्त्र घेतो मी. माहे प्रश्न लय हायेत."

माझी टीसी घेताना सरांच्या डोळ्याचं पातं लवलं नव्हतं. ही मात्र त्यांनी उलटून पाहिली, मग बाबांकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, आणि मगच खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं ऑफिसच्या खिडकीशी उभे राहिलो. मला मलकापूरहून गाडी पकडायची होती. माझी टीसी ऑफिसात जमा झाली होती, आणि ती परत मागायच्या अर्जात 'महाविद्यालय सोडण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहायला लागले: गणिताचे पद रिक्त असणे, संगणकाच्या खोलीस कुलूप असणे. रकाना संपला तसा कागद उलटला. कारकुनानं तो माझ्या हातातून काढून नवा दिला.

"ताई, हे वर चालत नाई. सगळे 'कौटुंबिक अडचण' लिहितात."

मी म्हटलं, ते खोटं आहे. मी खोट्यावर सही करत नाही. मग सोमवारी या, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात गाडीला तास उरला होता.

मी 'कौटुंबिक अडचण' लिहिलं आणि खाली सही केली. शेजारी बाबा प्रवेशअर्जावर आपला फोटो चिकटवत होते. त्यांनी चष्मा वर करून माझा कागद वाचला.

"अडचन म्हंजे मी काय वो?"

नाव लिहायची गरज नाही, असं कारकुनानं त्यांना सांगितलं आणि शिक्का मारला.