नागाने वळून पाहिलं, असं मी सांगितलं

बोलायला मी कधी लाजलेलो नाही. माइक हातात आला की माझा मुलगा घड्याळाकडे बघायला लागतो, असा मी माणूस. पण ही एक गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही — बायकोसमोर नाही, देवासमोर नाही, दोन पेग पोटात गेल्यावरसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. बसा, ऐका.

आधी मी कोण ते ऐका. फुशारकी वाटली तर वाटू दे. मारण्यासारखी आहे म्हणून मारतोय. जुन्या पनवेलमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे, पण खिळे-बिजागऱ्यांसाठी मला कुणी ओळखत नाही. मी साप पकडतो. तीस वर्षं झाली. खारघरच्या डोंगराखाली टॉवर उभे राहिले आणि डोंगरातले साप पार्किंगमध्ये उतरले, तेव्हापासून माझा फोन कधी थंड पडलेला नाही. पंपरूममधली घोणस, बुटात बसलेला मण्यार, एसीच्या पाइपातून बेडरूममध्ये आलेली धामण — सगळे काढलेत. सगळी सोसायटी खुर्च्यांवर चढून बसलेली असते, आणि मी स्लीपर घालून आत जातो! प्रत्येक सापाची नोंद माझ्या वहीत आहे, आणि वनखात्याकडेही. अशा सात वह्या भरल्यात. आणि माझं एक वाक्य शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे — माझ्या हातून आजवर एकही साप मेलेला नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा म्हणत नाही. तुम्ही विसरलात तरी मी विसरणार नाही.

दुसरा अभिमान म्हणजे माझा थोतांडावर विश्वास नाही. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, त्याच्या डोक्यात मणी नसतो. नागपंचमीला मी शाळांतून घसा कोरडा करून हे सांगतो. साप समोर येतो तो उंदरामागे येतो. त्याला तुमचं नावगाव ठाऊक नसतं. एका पूजा सांगणाऱ्या काकांशी मी भर लग्नात यावरून भांडलोय, आणि जिंकलोय.

तर असा मी. आणि आता हिरामावशी.

खारघरजवळच्या ओवे गावातली ती; तिथे साप काढायला जाऊन जाऊन ओळख झालेली. घर गावाच्या कडेला, मागे परस, परसात जास्वंद आणि लाकडाचा ढीग. पलीकडे डोंगर चढायला लागतो. तिचा नवरा गेला त्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घाटावर लोक ताटकळले. धाकटीचं लग्न करू, घर सांभाळू, म्हातारीला अंतर देणार नाही — मुलाने हात जोडून सगळं बोलून पाहिलं. कावळे झाडावर बसून राहिले, खाली एकही उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आणि त्याच दुपारी मावशी परसात लाकडं काढायला गेली, तर ढिगाऱ्यातून नाग निघाला. शेपटीचं टोक तुटलेला. फणा काढून तिच्याकडे बघत राहिला आणि परत आत गेला.

"पिंडाला नाय शिवले ते," ती मला सांगायची, "माझ्याकडं आले."

मी आतून हसलो, ते कशाला लपवू. पण बाईने त्याला दूध ठेवलं नाही, हळदकुंकू वाहिलं नाही. एका वाडग्यात पाणी ठेवायची आणि नाग दिसला तर चार हात लांब उभी राहून घरातलं सगळं सांगायची. धाकटी नोकरीला लागली. म्हैस विकली. सूनबाई बरी आहे, पण मीठ जास्त घालते. नाग वर्षातून तीन-चारदा दिसायचा, आणि दिसला की पुढचे कित्येक दिवस बाई खुशीत असायची. चव्वेचाळीस वर्षांचा संसार संपलाय असं तिला वाटतच नव्हतं.

मग नातू रांगायला लागला. रांगत रांगत लाकडांच्या ढिगापर्यंत गेला एकदा. सुनेने रडून घर डोक्यावर घेतलं, मुलाने मला फोन केला. मी गेलो, तर मावशी ढिगाच्या पुढ्यात पाट टाकून बसलेली. हलेचना. अर्धा तास मी समजावलं. शेवटी उठली आणि म्हणाली, "तुमच्या हातून एक पन साप मेला नाय, असा ऐकलाय, शेठ. म्हनून देते. दुसऱ्याला नसता दिला."

ऐकलंत ना? माझ्या त्या वाक्यावर तिने नवरा माझ्या हातात दिला.

ओढ्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी सोडायचा असं ठरलं. स्कूटरवर दहा मिनिटांची वाट. मी नाग पकडला, अगदी अलगद; तेवढं माझं मीच कौतुक करतो. पिशवीत घातला, गाठ मारली, स्कूटरच्या डिकीत ठेवला. आणि ओढ्याकडे गेलो नाही. पनवेलला गेलो.

माझा सत्कार होता त्या दिवशी. अकरा वाजता, हॉलमध्ये. उशीर होईल म्हणून गेलो, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलोय. कसला उशीर? पावणेदहा वाजले होते! खरं कारण हे की नाग बरोबर असावा, असं मला वाटलं. स्टेजवरून खाली आलं की लोक गराडा घालतात, तेव्हा सहज म्हणायचं — आत्ताच एक नाग पकडून आलोय, डिकीत आहे. मग त्यांचे डोळे कसे विस्फारतात, ते बघायचं होतं मला. एवढ्याचसाठी.

मे महिना. पाहुणे दोन तास उशिरा आले. हार, फेटा, शाल, नारळ. मधे एकदा मला डिकी आठवली. उठून जाता आलं असतं. पण पहिल्या रांगेतून उठून जायचं, डोक्यावर फेटा असताना? बसून राहिलो. मग भाषण केलं, आणि चांगलं केलं. ते वाक्य म्हणालो. टाळ्या पडल्या. खाली, पत्र्याच्या शेडबाहेर, माझी काळी स्कूटर भर उन्हात उभी होती.

डिकी उघडली तर सीटला हात लावता येत नव्हता. पिशवी हलत नव्हती.

त्याला मी ओढ्यापलीकडेच नेलं. ठरल्या जागी. खड्डा केला, पुरला, वर दगड ठेवले. फेटा डोक्यावरच राहिला होता, हे स्कूटरच्या आरशात दिसलं. तेवढ्यात फोन वाजला. मुलाच्या फोनवरून मावशी.

"सोडलात काय, शेठ?"

सोडला, म्हणालो.

"मागं वलून बघितला काय त्यांनी?"

तेव्हा 'नाही' म्हटलं असतं तरी खोटं तेवढ्यावर थांबलं असतं. पण मला गोष्ट रंगवून सांगायची खोड. म्हणालो, हो मावशी, बघितलं. चार पावलं गेला, थांबला, फणा काढला, वळून बघितलं. बराच वेळ. तिकडे बाई रडायला लागली. आनंदाने रडत होती. राग नाही म्हणत होती त्यांना, राग नाही. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं! माझ्या सांगण्याने एक माणूस सुखी झालं म्हणून मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

त्या दिवशी वहीत लिहिलं, नाग, ओवे, सुखरूप सोडला. अक्षर अगदी स्वच्छ आहे. आजही वही उघडली तर ते पान बरोबर निघतं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस आहे. थांबा.

पुढची सात वर्षं ओव्याला कॉल असला की मावशी मला हाक मारायची. दिसले काय? आणि मी सांगायचो, दिसले. कधी खडकावर ऊन खात होते, कधी करवंदीच्या जाळीत शिरले. तब्येत चांगली आहे, म्हणायचो. एकदा तिने विचारलं, कुठल्या अंगाला गेले? मला लगेच कळलं बाई काय मागतेय. कौल मागत होती. उजवं म्हणजे हो, डावं म्हणजे नको. धाकटीला स्थळ आलं होतं. मुलगा माझ्या गिऱ्हाइकातला, निर्व्यसनी, कष्टाळू. मी म्हणालो, उजवीकडे गेले. लग्न झालं, पोरगी सुखात आहे. परसात घर वाढवायचं होतं, तेव्हाही उजवीकडे. सळया माझ्याच दुकानातून गेल्या, हेही सांगून टाकतो.

तुम्हाला वाटेल मला लाज वाटत होती. छे! मला मोठेपणा वाटत होता. देवळात गुरव जे करतो ते मी करत होतो, आणि त्याच्याहून बरं, कारण माझा कौल शहाणपणाचा होता. सकाळी शाळेत अंधश्रद्धेवर व्याख्यान आणि संध्याकाळी ओव्यात कौल. दोन्हीकडे मला चहा मिळायचा, दोन्हीकडे लोक मान तुकवायचे.

मग मावशीच्या गुडघ्यांचं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, चालायला लागाल. मुलगा तयार होता. ती म्हणाली, ह्यांना विचारते.

मी डावीकडे सांगितलं.

का? गुडघे बरे झाले असते तर ती ओढ्यापलीकडे चालत गेली असती म्हणून. हे मी पहिल्यांदाच शब्दांत म्हणतोय. त्यानंतर तीन वर्षं ती बाई भिंत धरून संडासला जायची. मी ते बघायचो आणि तिथेच बसून चहा प्यायचो.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. ती गेल्यापासून माझं एक झालंय. नाग पकडला की आधी त्याची शेपटी बघतो. टोक आहे का तुटलंय? नागाला पापणी नसते, तो रागाने बघत नाही की मायेने बघत नाही, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. तरी फणा काढून समोर उभा राहिला की मीच आधी नजर खाली घेतो. ह्याला काय म्हणायचं? तिने एका नागात आपला माणूस पाहिला. मी प्रत्येकात बघतो आणि मला तो सापडत नाही.

पण सांगायचं होतं ते अजून राहिलंच आहे.

जायच्या सहा महिने आधी, थंडीत, तिने मला बोलावून घेतलं. आता मला न्या, म्हणाली, एकदा बघते आणि मग मी मोकळी. मी पुढच्या आठवड्यावर ढकललं, मग संक्रांतीनंतर म्हणालो. शेवटी मुलगाच गाडी घेऊन दुकानाच्या दारात आला. मागच्या सीटवर मावशी, नवी नऊवारी नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. नवऱ्याकडे निघाली होती.

गाडी जिथे संपते तिथून पुढे मी आणि मुलगा, दोन बाजूंनी धरून तिला नेलं. ओढा कोरडा होता. पलीकडे मी ठेवलेले दगड तसेच होते. ती बसली ती त्यांच्यापासून जेमतेम दोन हातांवर — मी बसवलं नाही, तिला तीच जागा सोयीची वाटली. मुलगा गाडीपाशी परत गेला. आम्ही दोघंच राहिलो.

दोन तास बसलो. तिने हाका मारल्या. घरातलं सगळं सांगितलं, नातू पाचवीत गेला, धाकटीला मुलगी झाली. पाला जरा हलला की मान उंच करायची. सरडा निघायचा. ऊन चढलं, गजरा कोमेजला. मग म्हणाली, "तुमाला दिसतात. मना नाय दिसत. माझाच काय तरी चुकला असंल."

मी तिच्या शेजारी बसलो होतो. एक वाक्य पुरेसं होतं. मावशी, तुझं काही चुकलं नाही, तो इथे ह्या दगडांखाली आहे, मी मारला. एवढंच. ऐकायला आम्ही दोघंच होतो, आणि ती काही फार दिवस कुणाला सांगत फिरणार नव्हती. तेही माझ्या मनात येऊन गेलं, इतका हिशेबी मी तेव्हाही होतो. तोंड उघडलं. आणि मी तिला समजावायला लागलो की नाग थंडीत बाहेर येतोच असं नाही, जमिनीचं तापमान असं असतं, त्याचं रक्त तसं असतं. व्याख्यान दिलं. फार छान समजावून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. नवरा आपल्यावर रागावलाय हे मनाशी पक्कं करून उठली. शेवटपर्यंत तेच धरून बसली होती, हे मला तिच्या सुनेने सांगितलं.

परत येताना ओढ्याच्या उतारावर तिने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, तोल गेला. तसं नव्हतं. तिला माझी माफी मागायची होती. म्हणाली, "तुमचा दिस फुकट गेला माझ्यापायी, शेठ. दुकान बंद ठेवून आलात."

मी म्हणालो, "असू दे, मावशी."