तांबडीच्या रक्ताची काच

कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलो, लॅबच्या दारातच स्पिरिटचा वास आला आणि आमची तांबडी गाय आठवली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मिरजगावजवळच्या आमच्या गावात माणसांच्या डॉक्टरांनी पुण्याहून मायक्रोस्कोप आणला होता आणि त्याखाली ठेवायला त्यांना माणसे कमी पडत होती. तांबडी खंगत चालली, तेव्हा त्यांनी तिचे रक्त काचेवर घेतले, जांभळ्या रंगात बुडवले, बराच वेळ डोळा लावला आणि न्यायाधीशाच्या आवाजात सांगितले, "पांढऱ्या पेशींत लिंफोसाइट फार आहेत. रक्ताचा कॅन्सर." दुसऱ्या दिवशी वडील तिला बाजारात न्यायला निघाले. अशी गाय कसाईच घेणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आईने फक्त तिला कुंकू लावले. वेशीजवळ गुरांचे डॉक्टर सायकलवरून येताना भेटले. हकीकत ऐकून त्यांनी वडिलांना माघारी वळवले, माणसांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला आणि तीच काच त्याच मायक्रोस्कोपखाली पाहिली. "डॉक्टरसाहेब, तुम्ही गाईला माणूस समजून मोजलंत की! गाईत लिंफोसाइट जास्तच असतात. हे लाल दाण्यांचे इओसिनोफिल बघा, हे वाढलेत. पोटात जंत असणार." वडिलांनी विचारले, "म्हंजी, वाचंल ती?" "वाचंल की. औषध पाजा अन् घरी न्या." पुढच्या वर्षी तांबडी व्याली, तेव्हा आईने खरवस दोन्ही डॉक्टरांकडे पाठवला. माणसांच्या डॉक्टरांना कशाला, म्हणून वडील कुरकुरले, तर म्हणाली, "काच तर त्यांनीच केली हुती न्हवं?" आज रिपोर्ट हातात घेताना मी लॅबमधल्या बाईंना विचारलेच, "कुत्रा समजूनच मोजलंय ना?" त्या हसल्या, आणि मी मनातल्या मनात त्या सायकलला हात जोडले.