एकशे चार बोटं कुंकू

कीबोर्डला कुंकू लावू नये असं कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही, त्यामुळे मामांना मी बोलणार तरी काय? मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या मराठवाड्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. तीस वर्षं त्यांनी भोसरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये काढली. खंडेनवमीला मशीन लख्ख पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, पेढा खायचा आणि मगच घरी यायचं, हा त्यांचा नेम. रिटायर झाले, मशीन सुटलं, नेम काही सुटला नाही. यंदा आमच्या रहाटणीच्या फ्लॅटमध्ये मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि खाली पार्किंगमधली स्कूटर यांना एकेक बोट कुंकू लागलं. माझ्या कीबोर्डला एकशे चार बोटं. प्रत्येक बटणाला एक, तेही पाण्यात कालवलेलं. वर मूठभर अक्षता.

मी घरून काम करते. चाकणच्या एका कारखान्यातून कुठल्या गाडीत कोणता माल निघाला, ते दिवसभर कॉम्प्युटरवर भरायचं. दसऱ्याची सुट्टी संपवून बसले, तर N दाबला की वर यायलाच तयार नाही. एका गाडीच्या नंबरापुढं अर्धी ओळ नुसते N उमटले आणि तसेच पुढं गेले. साहेबांचा फोन आला, "मॅडम, हे काय पाठवलंय?" आता त्यांना काय सांगू, कीबोर्डची पूजा झालीय म्हणून?

मुळात मामांवर मी आधीपासूनच वैतागलेली होते. गेले दोन महिने चहाचा कप घेऊन ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसता फुर्र फुर्र आवाज. पाठीमागं कोणी उभं असलं की माझी बोटं अडखळतात. पण सासऱ्यांना 'सरका जरा' कसं म्हणणार? मी दात आवळून टाईप करत राहायची.

ते का उभे राहतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोसायटीनं त्यांना सेक्रेटरी केलं होतं. पाण्याची, लिफ्टची सूचना ते स्वतःच्या हातानं लिहायचे, मोत्यासारखं अक्षर. एका मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "काका, आजकाल प्रिंट काढतात हो," आणि सगळे हसले. त्या संध्याकाळी मामा म्हणाले, "पोरी, मला बी शिकव की ते." मी म्हटलं, "शिकवते की, जरा काम आवरू द्या." तीनदा त्यांनी विचारलं, तीनदा मी हेच सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पुढच्या मीटिंगची सूचना टाईप करून लावता आली नाही तर सेक्रेटरीपद सोडतो, असं ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मला नाही म्हणाले.

शनिवारी सकाळी मी हॉलमध्ये पेपर अंथरला, चमच्याचं टोक घेतलं आणि कीबोर्डची बटणं उचकटायला लागले.

मामा आलेच. "खुणा केल्यास का आधी? उघडायच्या आधी खूण करावं लागतंय."

"चौदा वर्षं टाईप करतेय मामा. डोळे झाकून लावीन."

मी आपली ओढत सुटले. आतून काय निघालं म्हणता! अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, चिवड्यातलं डाळं, समोरच्या बांधकामाची धूळ, माझेच केस, आणि या सगळ्याला कुंकवाचा लाल चिकट लेप. बटणं पिठाच्या चाळणीत घातली, भांड्याच्या साबणानं धुतली, बाल्कनीत उन्हात वाळवली. कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसता पुसता तोंडातल्या तोंडात जे काय बोलत होते, ते मामांना ऐकू गेलं नसेल अशी आशा आहे.

दुपारी बटणं लावायला बसले आणि माझी पंचाईत झाली. बोटांना सगळं पाठ, मला काहीच नाही. हवेत बोटं नाचवून बघितली. A लागला, S लागला, आणि पुढं नुसता गोंधळ. चौदा वर्षं म्हणे! फोनवर चित्र दोन मिनिटांत मिळालं असतं. तो आणायला मी उठत होते, तेवढ्यात मामांनी कंपनीची एक जुनी डायरी माझ्यापुढं ठेवली.

पानभर कीबोर्ड काढलेला होता. पट्टी लावून, पेन्सिलीनं, एकेक घर नेटकं, आत अक्षर. माझ्या खुर्चीमागं उभं राहून, चहा पिता पिता बघून ठेवलेला आणि मग खोलीत जाऊन उतरवलेला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, कुठलं बोट कुठं. घरं ठिकठिकाणी काळी पडली होती, कागद झिजून मऊ झाला होता. कागदावर बोटं दाबून दाबून ते टायपिंग शिकत होते.

मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की मला रागच येतो, तसा तो आलाही.

"अहो मामा, मग कीबोर्डच घ्यायचा ना दुपारचा! मी जेवायला उठते तेव्हा रिकामाच असतो. मी काय नाही म्हणाले असते?"

"दुसऱ्याच्या मशीनला इचारल्याबिगर हात लावत नसतेत, पोरी."

"आणि कुंकू लावलंत ते?"

"पूजेला कोण नाही म्हणतंय?" मामा म्हणाले.

मी चाळणीतलं शेवटचं बटण डायरीत बघून बसवलं. मिक्सरला एक बोट आणि कीबोर्डला एकशे चार का, ते आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षातून एक दिवस विचारल्याशिवाय हात लावता येत होता, आणि त्यांनी एकही बटण सोडलं नव्हतं.

कीबोर्ड मी टेबलावर नेऊन जोडला, मामांसाठी खुर्ची ओढली आणि चहाचा कप घेऊन तिच्या मागं उभी राहिले.