साडेसाताचे सात

मोर्शीच्या एका संत्र्याच्या शेडमध्ये मी एका बाईला एक वाक्य बोलले. बोलायला पाच सेकंदही लागले नसतील. त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं आणि ते वाक्य मला अजून परत घेता आलेलं नाही.

मी अमरावतीत राहते आणि घरी बसून प्रोग्रॅम लिहिते. काम व्हिडिओचं. कॅमेऱ्यातून येणारं चित्र घ्यायचं, कापायचं, मोजायचं, पुढे पाठवायचं. यातलं सगळं मी लिहीत नाही. जगभरच्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेली एक लायब्ररी आहे, खरी राबते ती. तिला काय हवं ते मजकुरात लिहून द्यावं लागतं: चित्र एवढं रुंद, सेकंदाला एवढ्या फ्रेम, आवाज हवा की नको. आपल्याला त्यात आकडे दिसतात, पण संगणकापुढे ती नुसती चिन्हांची माळ असते. २५ म्हणजे आधी दोनचं चिन्ह, मग पाचचं. त्यातून पंचवीस हा आकडा घडवायचं काम कोणाला तरी करावं लागतं.

लायब्ररी ते फार काटेकोरपणे करते. आकडा वाचून झाल्यावर मागे एखादं न कळणारं चिन्ह उरलं, तर ती सरळ सांगते की मला हे समजलं नाही, आणि थांबते. तिचा हा स्वभाव मला आवडायचा नाही. प्रोग्रॅम थांबला की गिऱ्हाईक मलाच फोन करतं, तोही नेमका मी ताटावर बसले की. म्हणून माझ्या सेटिंगच्या फाइलसाठी मी स्वतःचं बारा ओळींचं फंक्शन लिहिलं. डावीकडून आकडे वाचत जायचं, काही वेगळं दिसलं की तिथंच थांबायचं आणि तोवर जे हाती लागलं ते पुढे द्यायचं. तक्रार नाही, कुरकुर नाही. सासरी अशीच सून लागते, असं मी एका मैत्रिणीला हसत सांगितलं होतं. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

मोर्शीचं काम आलं ते आंबिया बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या आसपासच्या तोडणीच्या तोंडावर. शेडमालकाला संत्र्यांची प्रतवारी यंत्राने करायची होती. पट्ट्यावरून फळं एकामागून एक यायची, वरचा कॅमेरा प्रत्येकाची रुंदी मोजायचा, आणि बाजूचे लोखंडी हात त्यांना तीन वाटांनी ढकलायचे: मोठं, मध्यम आणि चुरी, म्हणजे बारीक माल. खाली बायका उभ्या. डागी फळ बाजूला काढणं आणि क्रेट भरणं त्यांच्याकडे.

मोठ्या मालाच्या तोंडाशी मावशी असायची. वय साठीच्या आतबाहेर. घरचं थोडं वावर, त्यात झेंडू आणि भाजी, आणि बहार आला की शेड. यंत्र यायच्या आधी शेडमधली सगळी प्रतवारी तिच्या नजरेवर चालायची. नव्या पोरींना तिनेच शिकवलेलं. तिने हो म्हटल्याशिवाय मालक गाडी सोडत नसे. कॅमेरा बसवला त्या दिवशी तिने मला चहा आणून दिला आणि विचारलं, "हा मले मदतच करन ना?" मी म्हटलं, हो तर, तुमचे डोळे आता आराम करतील.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत. मोठं म्हणजे सात सेंटिमीटरच्या वर, मध्यम म्हणजे सहाच्या वर. मग व्यापाऱ्याने सांगितलं की मोठा माल साडेसाताच्या वरचाच पाठवा. मालकाने मला फोन करून विचारलं आणि स्वतः सेटिंगची फाईल उघडून सातच्या जागी ७.५ लिहिलं. त्याला जमलं याचा त्याला आनंद, मला जावं लागलं नाही याचा मला.

पाचव्या दिवशी त्याचा पुन्हा फोन. "मॅडम, या बरं तुमी. व्यापारी बोंबलून रायला का मोठ्याच्या क्रेटमधी मध्यम माल निंगून रायला. अन् इकडं मावशी मशीनचा माल उचलू उचलू दुसऱ्या क्रेटमधी टाकून रायली. मले तं वाटते तिच्यानंच समदं मिसळून रायलं."

एसटी वाटेत बंद पडली, दुसरी तासाभराने आली. माझं डोकं आधीच तापलेलं. शेडमध्ये पोचले आणि कोणाशी न बोलता फाईल उघडली. ७.५. अगदी बरोबर लिहिलेलं. मी लॅपटॉप मालकाकडे वळवून दाखवला आणि म्हणाले, मशीनमध्ये काही चूक नाही.

आज सांगते काय चूक होती. लिहिलेलं काय आहे ते मी पाहिलं, माझ्या फंक्शनने त्याचं काय केलं ते पाहिलं नाही. त्याने सात वाचला, पुढे टिंब दिसलं, टिंब काही आकडा नव्हे, म्हणून ते थांबलं आणि निमूटपणे सात देऊन मोकळं झालं. सात आणि साडेसाताच्या मधलं प्रत्येक संत्रं मोठं म्हणून खाली येत होतं. मावशी त्यातली जमतील तेवढी उचलून मध्यममध्ये टाकत होती, आणि पट्ट्याच्या वेगापुढे तिचे हात पुरत नव्हते. अख्ख्या शेडमध्ये बरोबर काम करणारी ती एकटीच होती.

तिने एक फळ माझ्यापुढे धरलं. "हे मोठं हाये का, सांग बरं? नाई ना! साडेसाताचं नाई हे. तिकडं जुनी भोकायची फळी हाये, आनतो मी. टाकून पाहू त्याच्यातून."

त्या फळीला मापाची गोल भोकं होती. फळ भोकातून पडलं तर लहान, अडलं तर मोठं. कोपऱ्यात, दहा पावलांवर उभी होती ती फळी. एका मिनिटाचं काम होतं. पण मी इंजिनिअर, मी अमरावतीहून आलेली, आणि माझ्या कॅमेऱ्याची परीक्षा लाकडाच्या फळीने घ्यायची? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "मावशी, कॅमेऱ्याला मोतीबिंदू होत नाही. तुमचे डोळे दाखवून या एकदा."

बायका हसल्या. मालक हसला. मीही हसले असेन. मावशीने हातातल्या फळाकडे पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं आणि ते मोठ्याच्या क्रेटमध्ये ठेवलं. मी सांगितलं तसं.

मालकाने तिला त्याच दिवशी क्रेट धुवायला बसवलं. माझ्या देखतच. निघताना त्याने मला पिशवीभर संत्री दिली आणि मी ती गाडीत सोलून खाल्ली.

त्यानंतरही व्यापाऱ्याच्या तक्रारी दोनदा आल्या. मावशी तर तिथे नव्हतीच, मग माल कोण मिसळत होतं? हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मालक म्हणाला, तिच्या जागी आलेल्या पोरीचा हात अजून बसला नाही. मी म्हटलं, बसेल. ही संधी मी सरळ हातची घालवली आणि आज मला त्या वाक्याइतकीच या एका शब्दाची लाज वाटते.

तीन आठवड्यांनी मी आईकडे अकोल्याला गेले. आमचं घर जुन्या शहरात, आणि आमच्याच गल्लीत लग्नांचे व्हिडिओ बनवणारे एक चाचा आहेत, लहानपणापासून ओळखीचे. चित्र आणि आवाज जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम मी त्यांना करून दिला होता, तेच बारा ओळींचं फंक्शन वापरून. मला पाहताच त्यांनी दुकानात बोलावलं. "बेटा, नवा कॅमेरा घेतला तवापासून गडबड हाय. आवाज आगे चालला, होंठ मागून हिलते. एका मिनिटात दोन सेकंद. मैंने घडी लावून पाहिलं."

"शंका नाही, माझंच काहीतरी चुकलं असेल," मी लगेच म्हणाले. इतकी नम्रता माझ्याकडे होती तर! मी तिथंच बसून फाईल उघडली. नव्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम. चाचांनी बरोबर लिहिला होता. चाचा म्हणाले, "लिखा तो सही हाय. पर मशीनने काय वाचलं, ते पाह्यलं का तुमने?"

मी एक ओळ टाकून फंक्शनने काढलेला आकडा पडद्यावर आणला. एकोणतीस.

चाचा खूश झाले. मला मात्र मोर्शीचा साडेसात दिसला. तो मला चालवून बघायचीही गरज नव्हती. दुकानदार माणसाने घड्याळ लावलं तर मी खाली बसून तपासलं, आणि मजुरीवर आलेल्या बाईने फळी आणते म्हटलं तर तिचे डोळे काढले. मला स्वतःला आयुष्यभर "तुले काय समजते त्यातलं" ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. त्या रांगेत मी नेमकी कुठे उभी आहे, ते त्या दुकानात कळलं.

फंक्शन मी त्याच दुपारी काढून टाकलं आणि ते काम लायब्ररीकडे दिलं. आता मागे काही उरलं तर ती थांबते आणि ओरडते. ओरडू दे. शेडच्या संगणकावरही मी अकोल्याहूनच दुरुस्ती पाठवली आणि मालकाला कळवलं, एक अपडेट टाकलं आहे. अपडेट! आपण गुन्ह्याला किती सुंदर नाव देतो.

आठवड्याने त्याचा फोन आला. "मॅडम, आता माल एकदम चोख निंगून रायला. पोरीचा हात बसला बरं."

मी म्हटलं, "हो का, छान." मग विचारलं, "मावशी कशा आहेत?"

"थे येतच नाई आता. डोये तपासाले अमरावतीले गेल्ती म्हने."

रिसीव्हर असता तर हातातून पडला असता. मोबाइल नुसता गरम झाला कानाशी. तिने माझं ऐकलं होतं. टोमणा मी मारला होता आणि तिने तो सल्ला म्हणून घेतला.

तरीही मी जायला फेब्रुवारी उजाडू दिला. मधल्या काळात काम होतं, पाहुणे होते, सर्दी होती. कारणांना काय तोटा. शेवटी एका सकाळी निघाले आणि विचारत विचारत तिच्या वावरात पोचले. ती झेंडू तोडत होती. मला ओळखलं, ओच्यातली फुलं टोपलीत टाकली, पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. साडेसाताचे सात कसे झाले, ते फंक्शन मीच कसं लिहिलं, आणि तिची नजर पहिल्यापासून बरोबर होती. सांगताना रडू आलं. ते मी थांबवलं, कारण तिने माझी समजूत घालावी एवढाही माझा हक्क उरला नव्हता.

तिने टोपली सावलीत सरकवली. मग म्हणाली, "डाक्टर म्हने डोये चांगले हायेत. मंग मले वाटलं, डोक्यातच काई बिघाड आला असन. आता फूलं निवडाले बी सुनेले विचारतो मी. हे मोठं का थे मोठं."

मी म्हटलं, "माझं चुकलं, मावशी."

"साऱ्यायसमोर म्हनलं होतं ना तू थे?"

"हो."

"मंग इथं वावरात काहून सांगून रायली?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शेड तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. मृग बहाराची तोडणी सुरू झालेली, पट्टा चालू, त्याच बायका कामावर. मी म्हटलं, मालकाशी बोलते, उद्या येते. "ये," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली. मी फाट्यावर येऊन उभी राहिले. डाव्या हाताला शेडचे पत्रे दिसत होते. पाच मिनिटांत अमरावतीची गाडी आली आणि मी तिच्यात चढले.

तो उद्या अजून आलेला नाही. मालकाने दुसऱ्या शेडचं कामही मलाच दिलं आहे, आणि मी लपवलं हे त्याला कळलं तर ते जाईल, एवढं साधं कारण आहे. हे सगळं लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि मग वाचून पाहिलं. यात मी तिचं नाव लिहिलेलं नाही, शेडचं नाही, माझंही नाही. हे वाचून त्या शेडमधल्या एकाही बाईला कळणार नाही की मावशीची नजर बरोबर होती.