हाराचा लेयर

मिरजगावच्या स्टँडसमोर अजिनाथचं दुकान. बाहेर वाढदिवसाचे बॅनर झळकतात, पण पोट भरतं ते मेलेल्या माणसांवर. दहाव्याला फोटो लागतो, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याचा धड फोटो असतोच कुठे? मग अंधुक आधारकार्डावरून अजिनाथ कॉम्प्युटरवर माणूस नव्याने रंगवतो. चेहरा एका लेयरवर, मिशी दुसऱ्यावर, सदरा तिसऱ्यावर. काचेवर काच ठेवावी तसं. सगळ्यात वरच्या लेयरवर झेंडूचा हार, तो तयारच असतो. काम झालं की हार चालू करायचा आणि प्रिंट द्यायची, ही त्याच्या हाताची जुनी सवय.

कडूबाई आली ती मात्र जिवंत माणसासाठी. तिचा नवरा कारभारी ऊसतोडीच्या टोळीतून बाजाराला म्हणून गेला, तो परतलाच नाही. हरवल्याचे कागद भिंतींवर लावायचे होते, आणि जवळ होता फक्त मोबाईलमधला एक धूसर फोटो.

"मिशी अशी टोकदार न्हाई वो," ती शेजारी स्टुलावर बसून सांगत होती. "खाली वाकल्याली हाय. आन् डाव्या भुवईत खाप हाय, कोयता लागल्ता."

अजिनाथ पुसत होता, पुन्हा रंगवत होता. सगळी दुपार गेली. शेवटी तिने पदर तोंडाला लावला. "व्हय, ह्येच. आता कुनीबी वळखंल."

अजिनाथ भलताच खूश झाला. त्या खुशीतच त्याने नेहमीसारखं सगळं आवरलं आणि प्रिंट दिली. कागदावर कारभारी हार घालून बाहेर आला.

"मुडद्या, माझा धनी जित्ता हाय!" कडूबाई किंचाळली. तिचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. अजिनाथने कागद टराटरा फाडला, तिचे पाय धरले, हार काढून नवे कागद फुकट दिले. तिने ते त्याच्याकडे न बघता उचलले.

पुढच्याच आठवड्यात कारभारी विहिरीत सापडला.

दहाव्याचा फोटो आपल्याकडूनच नेतील, म्हणून अजिनाथने फाईल काढून ठेवली. कुणी फिरकलं नाही. कडूबाईचा दीर काकासाहेब स्टँडवर दिसला, तेव्हा अजिनाथने स्वतःच फोटोचं विचारलं.

"कर्जतला टाकलाय," काकासाहेब खाली बघत म्हणाला. "वयनी म्हनती, त्यानंच आदी हार घातला. त्याच्या दारात जायाचं न्हाई."

असं कुठं असतं का, असं अजिनाथ बायकोला म्हणाला खरा, पण ताट सारून उठला. कडूबाईचा राग येत नव्हता, राग येत होता स्वतःच्या हाताचा.

दहाव्याच्या सकाळी नेमका दुकानासमोर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. कर्जतवाल्याने भिंतीवरच्या कागदाचाच फोटो मारला होता. वाकलेली मिशी अजिनाथची, भुवईतली खाप अजिनाथची, फक्त हार दुसऱ्याचा. खाली कडूबाई उभी होती, मोकळ्या कपाळाने, त्याच्या दुकानाकडे पाठ करून.

अजिनाथने शटर ओढून घेतलं. फ्लेक्सवरचा कारभारी तेवढा दुकानाकडे बघत राहिला. ते डोळेही त्यानेच रंगवले होते.