पिवळी पट्टी आणि माझे व्याही

धडधाकट यंत्राला आधी आजारी पाडून मग त्याची मनोभावे शुश्रूषा करणारा मनुष्य या भूतलावर एकच आहे, आणि विधात्याने तो नेमका माझा व्याही म्हणून पाठवला. दुसऱ्या कोणी माझ्या कॉम्प्युटरच्या बटणांशी असा खेळ मांडला असता, तर मी त्यास हाताला धरून कचेरीच्या फाटकाबाहेर नेऊन सोडले असते. परंतु व्याह्यांना हटकता येत नाही. मुलीच्या सासऱ्यांना खुर्ची द्यावी लागते, चहा विचारावा लागतो, आणि ते जे काही बिघडवतील त्याबद्दल आभार मानावे लागतात. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या पूर्वजांनी दक्षिणेतून इकडे येताना पुष्कळ गोष्टी वाटेत टाकल्या असतील. ही रीत मात्र त्यांनी जशीच्या तशी आणली.

माझा व्यवसाय अर्जनविसीचा. कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली बसून, मी आजवर असंख्य लोकांची गाऱ्हाणी शासनाच्या कानावर जातील अशा हिंदीत मांडत आलो आहे. शिक्षण अकरावीत थांबले. भाषा मात्र थांबली नाही. पूर्वी टाइपरायटर होता, तो गेला आणि कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटर आला त्याच सुमारास व्याही सरकारी लघुलेखकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. हा केवळ योगायोग होता असे मला अजून वाटत नाही. आयुष्यभर साहेब बोलेल ते वेगाने टिपून घेतलेल्या माणसाला एकाएकी कोणी काही सांगेनासे झाले, तेव्हा त्यांनी दर्पण कॉलनीतल्या आपल्या घरात बसून लिहिण्याच्या प्रोग्रॅमचा अभ्यास सुरू केला आणि त्यात त्यांना मॅक्रो नावाची विद्या सापडली. एखादा मजकूर आपण एकदा टाइप करून दाखवावा, यंत्राने तो ध्यानात ठेवावा, आणि पुढे दोन बटणे एकत्र दाबताच सगळाच्या सगळा पुन्हा कागदावर ओतावा, अशी ही विद्या. "व्याही, लघुलेखनच आहे हे बिलकुल!" असे ते मला म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा मुंज लागलेल्या बटूसारखा उजळला होता.

त्या दिवसापासून ते माझ्याकडे येऊ लागले. येताना स्वतःचा कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, काखेत धरून आणत. या शहरात तानपुरा असा सांभाळून नेणारे लोक मी पाहिले आहेत; कीबोर्ड नेणारे हे एकच. ई-रिक्षात कोणी शेजारी बसू लागले की म्हणत, "भैया, ज़रा संभलके, नाज़ुक चीज़ है." माझा कीबोर्ड त्यांना चालत नसे, कारण त्यात "कचोरीचा अंश" आहे असे त्यांचे निदान होते. निदान हा त्यांचा खास प्रांत. यंत्र अडले की ते प्रथम दोन्ही हात वर करून म्हणत, "हात नका लावू!" मग चष्मा पुसत. मग वैद्याने पथ्य विचारावे तसे विचारत, "काल शेवटी याने काय उघडलं होतं?" मी म्हणे, जमिनीच्या नामांतरणाचा अर्ज. ते मान डोलवत, जणू नामांतरणाचे अर्ज यंत्राला पचायला जड असतात हे वैद्यकात पूर्वीच लिहून ठेवले आहे. त्यांच्या घरी तर दिव्यांच्या बटणांवरही चिठ्ठ्या होत्या: बैठकीचा दिवा एफ-एक, पंखा एफ-दोन. एकटा मनुष्य, पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली. अंधारात कोणाला विचारणार की दिवा कोणता? मला तेव्हा हसू आले होते.

त्यांची पहिली मोठी शस्त्रक्रिया माझ्या चांगलीच लक्षात आहे. प्रत्येक अर्जाची सुरुवात 'सविनय निवेदन है कि' अशी होते आणि शेवट 'प्रार्थी', म्हणजे अर्जदार, या शब्दाने होतो, हे पाहून त्यांनी विचार केला की ही रोजची मेहनत वाचवावी. तेव्हा कंट्रोल आणि एस दाबले की सविनय निवेदन यावे, आणि कंट्रोल आणि पी दाबले की प्रार्थी यावा, अशी व्यवस्था त्यांनी अत्यंत प्रेमाने करून दिली. मला मात्र दर चार ओळींनी कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करण्याची जुनी सवय. बोटे आपोआप जातात, डोळे प्रार्थीच्या तोंडाकडे असतात. माधवगंजच्या एका मिठाईवाल्याच्या नळजोडणीचा अर्ज होता. मी सेव्ह करत गेलो आणि अर्ज विनय करत गेला. शेवटी छापण्यासाठी कंट्रोल आणि पी दाबले; छपाई होईना, म्हणून पुन्हा दाबले, मग जरा रागाने दाबले. अखेर मिठाईवाल्याने स्वतःच माउसने कुठेतरी टिचकी मारून कागद बाहेर काढला आणि न वाचता आत नेऊन दिला. आतले बाबू कागद फडकावत बाहेर आले. "पंडितजी, पानी का नल माँगा है या मोक्ष? हर तीसरी लाइन में सविनय निवेदन! और नीचे ये प्रार्थियों की लाइन लगी है, बाकी लोग कहाँ हैं?" अख्खे आवार हसले. नळ मात्र त्याच आठवड्यात मिळाला. इतका विनय त्या कार्यालयाने पूर्वी पाहिलेला नव्हता.

व्याह्यांना हे सांगितले तेव्हा ते खजील वगैरे झाले नाहीत. "म्हणजे मॅक्रो चालला!" असे म्हणून त्यांनी आनंदाने टॉवेल सोडला आणि सगळे मॅक्रो कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट व आणखी एक अक्षर अशा चार-चार बटणांवर नेऊन बसवले. तेव्हापासून मी अर्ज लिहू लागलो की पाहणाऱ्याला वाटे मी पेटी वाजवतो आहे.

या सर्वांत एक गोष्ट रोजची होती. सकाळी फाइल उघडली की वर एक पिवळी पट्टी येई: यात मॅक्रो आहेत, ते सुरक्षेसाठी बंद ठेवले आहेत. पट्टीच्या टोकाला एक बटण असे; ते दाबल्याशिवाय एकही शॉर्टकट चालत नसे. हे बटण दाबण्याचा अधिकार व्याह्यांनी स्वतःकडे ठेवला होता. "मॅक्रोमधून व्हायरस येतो, व्याही. तुम्ही नका दाबू. मी येऊन राहिलो ना रोज." आणि खरोखरच ते दर्पण कॉलनीहून रोज अकराच्या सुमारास येत, पट्टी नीट वाचत, जणू आज तीत काही वेगळे लिहिले असेल, मग एका बोटाने बटण दाबत आणि माझ्याकडे पाहून म्हणत, "चला. आता चालवा दुकान." पुढे चहा, थोडी गाऱ्हाणी, थोडी मुलांची बातमी. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी बेंगळुरूला आहेत. मुलीच्या बाळंतपणासाठी आमची मंडळी, म्हणजे तिची आई, तिकडे गेली, ती नातवात गुंतून तिथेच राहिली. घरी मी एकटा कुकर लावत होतो, तिकडे व्याही एकटे. एकच नातू आम्ही दोघे एकाच फोनच्या काचेत डोके घालून पाहत असू, आणि तो कोणासारखा दिसतो यावर शेडखाली वाद होई. "नाक आमचं आहे," व्याही म्हणत. "असू द्या, रडणं तरी आमचं आहे," मी म्हणे.

मधे एकदा त्यांना ताप आला आणि ते आले नाहीत. पिवळी पट्टी तशीच. मी सगळा मजकूर हाताने टाइप करत बसलो. शेजारचे स्टॅम्पवाले शर्माजी उठून आले. "अरे महाराज, इसमें क्या है? सेटिंग में जाके इस फोल्डर को भरोसे का बता दो, फिर ये पट्टी कभी आएगी ही नहीं. लाओ, मैं कर दूँ." त्यांनी माउसकडे हात नेला. मी तो धरला. म्हणालो, "रहने दीजिए. हमारे समधी का काम है." शर्माजी आपल्या स्टॅम्पांकडे परत गेले. कामधंदा अडवून पट्टी सांभाळणारा मनुष्य त्यांनी प्रथमच पाहिला असावा. दुपारी मी खिचडी घेऊन दर्पण कॉलनीत गेलो. व्याही पांघरुणातून म्हणाले, "आज अडलं असेल ना खूप?" मी म्हटले, "पार अडलं." त्यांना बरे वाटलेले दिसले.

थंडीत मुलीचा फोन आला. तापात सासऱ्यांजवळ कोणी नव्हते, आता त्यांना एकटे ठेवायचे नाही. जावयाने तिकीट काढतो म्हटले आहे, पण ते ऐकत नाहीत. "बाबा, ते म्हणतात, व्याह्यांचं काम बंद पडेल. तुम्हीच सांगा ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी व्याही आले. कीबोर्ड मांडला, टॉवेलाची घडी केली, पण पट्टीकडे पाहिले नाही. "मुलं बोलावून राहिलीत," ते म्हणाले. "मी म्हटलं, कसं येऊ? व्याह्यांचं सगळं माझ्यावर आहे. तुम्ही सांगा. तुमचं अडत असेल तर मी बिलकुल नाही जाणार." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. मला एवढेच म्हणायचे होते की अडते. ते खोटेही नव्हते. ते राहिले असते, रोज अकराला आले असते, आणि रोज संध्याकाळी त्या चिठ्ठ्या लावलेल्या घरी एकटे परतले असते. समोर वारसाहक्काच्या अर्जासाठी एक वृद्ध जोडपे बसले होते. मी हात पुढे केला आणि पिवळ्या पट्टीवरचे बटण स्वतः दाबले. मग कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस. सविनय निवेदन पडद्यावर आले. एकदाच, जिथे यायला हवे तिथे.

व्याह्यांनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ वाचली. "शिकलात तुम्ही," ते म्हणाले. "केव्हा?"

"तुम्हाला पाहून पाहून," मी म्हटले. "जा तुम्ही. नाक कोणाचं आहे ते जवळून बघून या."

तिळगुळाच्या गजकचे डबे आणि टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन ते गेले. निघण्याआधी म्हणाले, त्या फोल्डरवर भरोशाची खूण करून देतो, रोजची कटकट नको. मी म्हटले, राहू द्या. त्यांनी पुन्हा विचारले नाही. सुरुवातीला अकरा वाजता त्यांचा फोन येई, "आली का पट्टी? हात नका लावू, आधी वाचा." आता नातू चालू लागला आहे आणि त्याच्यामागे फिरण्यात त्यांच्या सकाळी जातात, फोन रविवारी येतो, घाईत येतो, आणि मागे आमच्या मंडळींचा आवाज असतो.

पट्टी मात्र रोज येते. एखादा प्रार्थी घाईत असतो, कागद पुढे सरकवून म्हणतो, "बाबूजी, शुरू करो." मी चष्मा काढतो, पुसतो, फाटकाकडे एकदा पाहून घेतो. म्हणतो, "ज़रा रुकिए. मशीन अभी तैयार नहीं है."